चुन्याचा दगड

बारामती,
४ नोव्हेंबर २०२४

आत्या,

पाया पडतो. फोन केला तर तुला ऐकू येत नाही, तू "कोण? कोण?" करतेस आणि ठेवून देतेस. म्हणून दुधाच्या टेम्पोवाल्या संदेशच्या हाती हे पत्र देतोय. उत्तरही त्याच्याकडंच दे.

कामाचं सांगतो. इथं एका संस्थेसाठी मी वनौषधी उद्यान उभं करतोय. रानातल्या औषधी वनस्पती झपाट्यानं नष्ट होत चालल्या आहेत, त्यांचं संवर्धन ही काळाची गरज आहे. बाकीच्या जाती मिळाल्या, पण उपळसरी मिळत नाही. नर्सरीतून आणलेली जगली नाही. तुझ्या वस्तीमागच्या फॉरेस्टच्या माळावर ती पूर्वी भरपूर होती. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या नाकाचा घोळणा फुटायचा, तेव्हा तू तिच्याच मुळीचं पाणी पाजायचीस. तो वास मी विसरलेलो नाही.

ती माळावर कशी ओळखायची, कुठं शोधायची, एवढं लिहून पाठव. फोटो काढायचेत आणि नमुन्याला दोन-चार रोपं हवीत. बाकी काही नको.

आमच्या श्रेयालाही यंदा घोळण्याचा त्रास झाला. बापावर गेलीय पोरगी. जमलं तर तिच्यासाठी एखादी मुळी पाठव.

तुझा,
विजू

*

लासुर्णे,
९ नोव्हेंबर

चिरंजीव विजयसिंहराव उद्यानवाले यांस,

आशीर्वाद हायच, तो काय पत्रागणिक नवा द्यावा लागत न्हाय.

तुझी "काळाची गरज" ठमाबाईला वाचून दाखवली. ठमाबाई म्हंजे माझी शेजारीण, बोरं चोरल्याबद्दल तुझ्या कानफटात दिलेली. ती म्हणली, "ही गरज ह्याला इतकी वर्षं कशी लागली न्हाय गं? का हिचंबी टेंडर निघालंय?" मी म्हणलं, असू दे, आमच्या भावाचं पोरगं हाय, कधी न्हवं ते चांगल्या कामाला लागलंय.

पण विजू, तुझी कीव येते बाबा. सगळी सुट्टी ह्या माळावर काढायचास, आन् आज तुला उपळसरी वळखायला येत न्हाय! पायात अडकून पडलास तरी म्हणशील, ही कुणाची वायर हाय. उद्यानावर पाटी लावशील तवा खाली लिही, "मालकाला झाडातलं काय कळत न्हाय, त्यानं माळ्याला विचारावं."

ऐक आता. बारीक वेल असती. पान लांबट, मधोमध पांढरी रेघ. बोराटीच्या जाळीत शिरून बसती, म्हणून शेरडं तोंड लावत न्हाईत. उन्हाळ्यात पानं गळली की दिसत न्हाय. तुझ्यासारख्याला तर पावसाळ्यातबी दिसायची न्हाय. तवा आंधळ्याला सांगावं तसं सांगते. जाळीच्या बुडाला चुना लावलेला दगड दिसला की समज, तिथं उपळसरी हाय. ते दगड आमी बायकांनी ठेवलेत.

कशाला ते सांगते, न्हायतर फोटोखाली भलतंच लिहिशील. मुळी काढायची असंल तर आदल्या सांजेला जाऊन वेलीला हळदकुंकू लावायचं, "उद्या येते गं" म्हणून सांगायचं. दुसऱ्या दिवशी एकाच अंगाची मुळी घ्यायची, दुसऱ्या अंगाला हात लावायचा न्हाय. माती लोटायची, तांब्याभर पाणी घालायचं आन् चुन्याचा दगड ठेवायचा. त्या दगडाचा अर्थ, हिची मुळी नेलीय, हिला आता आराम. पावसानं चुना धुऊन जायला दोन-तीन वर्षं लागत्यात. दगड पुन्हा काळा झाला की वेल पुन्हा देण्याजोगी झाली. सासूनं मला असंच शिकवलं. आमच्याकडं ह्याला संवर्धन म्हणत न्हाईत, माणुसकी म्हणत्यात.

श्रेयासाठी मुळी पाठवलीय. रात्री माठातल्या पाण्यात टाक, सकाळी ते पाणी दे. उकळू नको, वास मरतो.

आत्या

*

बारामती,
२१ नोव्हेंबर

आत्या,

मुळी पोचली. श्रेया माठापाशीच बसून असते, वास घेत. म्हणते, आजीच्या घराचा वास.

तू रागावलीस तरी तुझी माहिती लाखमोलाची आहे. विशेषतः चुन्याच्या दगडाची. आमचे तज्ज्ञ दोन दिवस माळावर हिंडून हात हलवत परत आले होते. तू एका ओळीत काम केलंस! आता माझी पोरं येतील, फोटो काढतील, जातील. तुला पाणी विचारायचाही त्रास नको.

बरं, रोहिणीताईकडं नरसिंहपूरला जाणार होतीस ना? थंडीचं जाऊन ये. महिनाभर राहा. लेकीकडं आराम होतो. संगमावर सकाळचं ऊन चांगलं असतं. जाण्यायेण्याला मी गाडी पाठवतो. सोबत शाल पाठवलीय, ती वापर, ट्रंकेत ठेवू नको.

तुझा,
विजू

*

लासुर्णे,
१४ जानेवारी २०२५

विजू,

आज संक्रांत. तिळगूळ संदेशकडं दिलाय. गोड बोल म्हणायचं असतं, पण माझ्याच्यानं आज व्हणार न्हाय.

परवा रोहिणीकडनं आले. काल ठमाबाई आन् मी माळावर गेलो. आरं, माळ राहिलाच न्हाय रं. जाळ्या बुडापासनं उपटून पालथ्या टाकल्यात. जिथं जिथं दगड तिथं तिथं कंबरभर खड्डा. मुळी एका अंगाची न्हाय, दोन्ही अंगाची, बुडख्यासकट. जिथं चुन्याचा दगड न्हवता तिथं कुदळसुदिक लागलेली न्हाय. म्हंजे ज्या वेली आरामाला ठेवल्या होत्या, नेमक्या त्याच नेल्या. बाळंतिणीला खाटंवरनं ओढून कामाला जुंपावं, तसं केलंय.

ठमाबाई खड्ड्याच्या कडंला बसली ती उठंना. मग म्हणली, "सारजा, दगडाचं बाहेरच्याला कुणी सांगितलं?" मी म्हणलं, मला काय ठाऊक. परजिल्ह्यातली टोळी आली असंल. त्या लोकांची जातच भिकार. रानात जन्मून रान खाणारी. आईच्या अंगावरचं दूध सरलं तर रक्त पितील मेले. फॉरेस्टचा गार्ड एकटा पोरगा, चार गावचा माळ त्याच्या गळ्यात, तो कुठं कुठं पुरणार?

तुझी वर वळख हाय. कुणाच्या तरी कानावर घाल. तुझी पोरं फोटोला आली होती न्हवं, त्यांना कोण दिसलं का विचार. विजू, मी कुणापुढं हात पसरत न्हाय, तुला ठाऊक हाय. पण ही टोळी हुडकून काढ. उरलंसुरलं तरी वाचव बाबा.

तुझी शाल पांघरूनच लिहितेय. हुडहुडी जात न्हाय.

आत्या

*

बारामती,
२० जानेवारी

आत्या,

पत्र वाचून धक्काच बसला. समाजाला काही भानच राहिलेलं नाही. मी संबंधितांशी बोललो आहे, योग्य ती चौकशी होईल. पोरांना विचारलं, त्यांना कोणी दिसलं नाही. तू मनाला लावून घेऊ नको. म्हणूनच तर उद्यानाची गरज आहे ना? रानात कोणीही लुटतं, उद्यानात कुंपण असतं.

आता आनंदाची बातमी. १६ फेब्रुवारीला उद्घाटन. त्यात तुला "वनमाता" सन्मान द्यायचा ठरवलाय. साडी, नारळ, मानपत्र. संदेशच्या टेम्पोत नको, मी गाडी पाठवतो. भाषण नको करायला, नुसतं हात जोडून बस.

सोबत बाटली पाठवलीय. आपलं नवीन उत्पादन, अनंतमूळ सरबत. आपल्या उपळसरीलाच शास्त्रात अनंतमूळ म्हणतात. पिऊन सांग कसं झालंय.

तुझा,
विजू

*

लासुर्णे,
२० फेब्रुवारी

विजयसिंह,

आले, बसले, हात जोडले. तुझं सांगणं पाळलं. आता माझं ऐक.

तुझं उद्यान बघितलं. बाहेर कमान, कमानीवर तुझा फोटो, झाडापेक्षा मोठा. आत पाट्याच पाट्या. "सर्पगंधा", खाली वाळकी काडी. "शतावरी", खाली काडीबी न्हाय. "अनंतमूळ" म्हणून पाटी होती, तिथं चार वेली मान टाकून पडलेल्या. मी माती उकरून बघितली. मुळीच न्हवती रं त्यांना! वरचा शेंडा तेवढा खोचलेला. सत्यनारायणाला केळीचे खांब लावत्यात, तसं. पाहुणे गेले की संपलं. आन् तो माईकवाला म्हणतोय, "विजयसिंहांनी रान शहरात आणलं." आणलं की! टेम्पो भरभरून आणलं.

आरं, माझे कान गेलेत. नाक शाबूत हाय. तुझ्या बाटलीला उपळसरीचा वास न्हाय, जत्रंतल्या गारेगाराचा हाय. ते सरबत मी शेळीपुढं ठेवलं, तिनं तोंड फिरवलं. शेळी हाय, पण लाज हाय तिला. खरा वास मला आला तो मांडवामागनं, पत्र्याच्या शेडातनं. माझा सन्मान उरकून तुमी समदे दीप लावत होता तवा मी उठून मागं गेले. राखणदार म्हणला, "आजी, बाथरूम तिकडं हाय." मी ऐकू येत न्हाय म्हणून दाखवलं आन् आत शिरले.

पोती. छताला लागलेली पोती. व्यापाऱ्याचा माणूस त्यावर खुणा करत होता. एका पोत्याचं तोंड उघडं होतं. त्यात मुळ्यांबरोबर एक दगड आलेला, चुना लावलेला. चुना अजून पांढराफेक. दसऱ्याच्या आधी मीच लावला होता, माझ्या बोटाचे ठसे होते त्यावर. तुझ्या उपळसरीनं भरलेल्या शेडात तेवढा एकच दगड लाजत पडला होता. तो मी पिशवीत घातला. साडी, मानपत्र समदं खुर्चीवर ठेवलं आन् चालत स्टँडवर गेले.

टोळी परजिल्ह्यातली न्हवती तर. आमच्याच पाटावर जेवलेली होती. आन् मी तुलाच लिहिलं, टोळी हुडकून काढ! किती हसला असशील रं! बायकोला वाचून दाखवलंस का?

चोरी चोरबी करतो, पण त्याला चोरीच म्हणतो. तू चोरीला कमान लावलीस, वर मला शाल पांघरून बसवलंस. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे आपल्याकडं शेंबडं पोर जाणतं. तू साखर कारखान्याच्या आवारात वाढलास, तुला एवढं ठाऊक न्हाय? बापाचं बरं झालं, लवकर गेला.

मला गाडी पाठवून नरसिंहपूरला का घालवलंस, तेबी आज कळलं. शाल संदेशकडं दिलीय. लय गरम हाय, मला सोसत न्हाय.

सारजा

*

बारामती,
१ मार्च

श्रीमती सारजाबाई,

तुम्ही भरल्या मांडवातून मानपत्र टाकून गेलात. माझ्या पाहुण्यांसमोर माझी काय अवस्था झाली याचा विचार केला नाहीत. ठीक आहे.

पण चोर म्हणण्याआधी आरशात बघा. माळ फॉरेस्टचा आहे, तुमच्या सासूचा नाही. तुम्ही मुळ्या काढल्या तर माणुसकी आणि मी काढल्या तर चोरी? तुम्ही वर्षाला मूठभर काढून पाच बायकांचे घोळणे बरे करणार. मी हजार घरांत पोचवतो. तुमचं हळदकुंकू, दगड, "उद्या येते गं", हे ऐकायला छान वाटतं. त्याच्यावर धंदा चालत नाही आणि रानही वाचत नाही. मी नसतो नेलं तर दुसऱ्या कोणी नेलं असतं. निदान पैसा तालुक्यात राहिला.

आणि एक विसरू नका. माझ्या माणसांना दोन दिवसांत एक वेल सापडली नव्हती. जागा तुम्ही लिहून दिलीत, तुमच्या हातानं. मला विचाराल तर मदत म्हणून नाही, टोमणा मारायचा म्हणून. मी किती अडाणी आहे ते दाखवायची तुम्हाला हौस. लहानपणापासून तेच. ती हौस केवढ्याला पडली ते बघा.

ठमाबाईंना हे सांगितलंत का? की त्यांना अजून परजिल्ह्यातली टोळीच सांगताय?

विजयसिंह

*

बारामती,
२९ एप्रिल

आत्या,

दोन महिने झाले, तुझं उत्तर नाही. संदेशला रोज विचारतो. तो म्हणतो, आजी दूध घालते आणि दार लावते.

मी रागात लिहिलं. तूही काय कमी लिहिलं नव्हतंस. तुझ्याशी भांडल्याशिवाय माझं कुठलं वर्ष गेलंय?

यंदा ऊन फार आहे. श्रेयाचा घोळणा पुन्हा फुटला. शाळेत, सगळ्यांसमोर, पांढऱ्या शर्टावर. घाबरून दोन दिवस शाळेत गेली नाही. आपलं सरबत दिलं तर तिनं ओतून टाकलं. म्हणते, हे खोटं आहे, आजीचं पाणी दे. शेडातला माल फेब्रुवारीतच गेला, एक काडी उरलेली नाही. उद्यानातल्याचं तू बघितलंसच. बाजारात विचारलं तर उपळसरी म्हणून भलतीच मुळं देतात.

माझ्यासाठी नको. पोरीसाठी एक मुळी पाठव. कुठं तरी असेलच तुझ्या माळावर. तुला ठाऊक नाही असं होणार नाही.

तुझा,
विजू

*

लासुर्णे,
४ मे

विजू,

मार्चात मी "श्रीमती सारजाबाई, तुम्ही". आता आत्या, तू. घोळणा फुटला की आत्या. बरं हाय.

तू म्हणलास ते खरं हाय. टोमण्याच्या नादात मी बोलून गेले. तुला हिणवायला मिळतंय म्हणल्यावर माझी जीभ सुटली, आन् माळ गेला. तू मला उलटं बोललास त्याचा राग न्हाय, तू खरं बोललास त्याचा हाय. आख्ख्या जल्मात एकदा खरं बोललास, तेबी मला टोचायला. माझाच भाचा शोभतोस.

ठमीला सांगितलं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी, तिच्या अंगणात. मला वाटलं शिव्या घालंल. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी दोन दिल्या असत्या, निम्मं दुःख तिथंच सरलं असतं. ती भाकरी थापायची थांबली, हात धुतला, आन् खुरपं घेऊन माळावर गेली. मी मागनं गेले. चुना धुऊन काळे झालेले दगड जिथं म्हणून उरले होते ते तिनं उचलले आन् पाटीत भरून ओढ्यात टाकले. मीबी टाकले. घरी येईस्तोवर दोघी बोललो न्हाय. आता जरा बोलतो. मिठाला, विरजणाला.

तवा माळावर आता एकबी दगड न्हाय. कुठल्या वेलीची मुळी कधी काढली, कुणाला आराम हाय, कोण देण्याजोगी हाय, कुणालाच ठाऊक न्हाय. सुना विचारत्यात तर आमी सांगतो, उपळसरी संपली. संपलीय का न्हाय, मीबी बघायला जात न्हाय. माझ्या पावलांवरनं कुणी माग काढंल म्हणून. माझ्या सासूनं शिकवलेलं मी सुनेला शिकवायचं बंद केलं, हे तुझ्या उद्यानाचं पहिलं पीक. पाटी लाव त्याची.

आता पोरीचं. घोळणा सारखा फुटत असंल तर आधी चांगल्या डॉक्टरला नाक दाखव. मुळीच्या भरवशावर बसू नको, तेवढी तरी अक्कल ठेव. माझ्या फडताळातल्या डब्यात एक काडी होती, म्हातारपणाची म्हणून ठेवलेली. ती फडक्यात बांधलीय. श्रेयाची हाय. माठात टाकायची, उकळायची न्हाय. तिला म्हणावं, रोज नव्या पाण्यात तीच काडी टाक, वास असंपर्यंत. तिचा काय दोष? तिनं तुझं सरबत ओतलं, हे वाचून जिवाला बरं वाटलं. घरात एकाचं तरी नाक चालतंय.

काडीबरोबर दगड हाय, तो तुझा. पोत्यात सापडलेला तोच. त्याला मी पुन्हा चुना लावलाय, दोन हात. अर्थ तुला लिहिला होता, पण तू अर्धाच वाचलास, म्हणून पुन्हा सांगते. हितनं काढून झालंय. दोन्ही अंगाचं काढलंस. आता हात लावायचा न्हाय. पत्र न्हाय, गाडी न्हाय, शाल न्हाय. चुना धुऊन दगड काळा झाला की ये. माझ्यात तवर काय मूळ उरलं असंल तर फुटंल, न्हायतर ठमी तुला जागा दाखवंल, मला कुठं नेली ती.

फक्त एक कर. तो दगड उघड्यावर ठेव, पाऊस लागंल असा. मला तुझी खोड ठाऊक हाय, तू कमानीखाली काचेच्या पेटीत ठेवशील आन् वर "वनमातेची भेट" लिहिशील. तसं केलंस तर त्याचा चुना जल्मात जायचा न्हाय.

आत्या